ब्विंडीत गोरिला पाहायला जाताना : परमिटपासून परतीपर्यंत

डोंगरी गोरिला जगात दोनच ठिकाणी उरलेत. एक म्हणजे रवांडा, युगांडा आणि काँगो यांच्या सीमेवरची विरुंगा ज्वालामुखींची रांग, आणि दुसरं युगांडाच्या नैऋत्य कोपऱ्यातलं ब्विंडीचं जंगल. शेवटच्या मोठ्या गणनांनुसार विरुंगात ६०४ आणि ब्विंडीत, लगतच्या काँगोतल्या साराम्ब्वे जंगलासह, ४५९. एकूण १,०६३. प्राणिसंग्रहालयात ही जात टिकत नाही. पाहायची असेल तर तिच्या घरीच जावं लागतं.

मी ब्विंडीला गेलो, म्हणून हा लेख ब्विंडीचा. परतल्यापासून ओळखीपाळखीचे लोक तेच तेच प्रश्न विचारतात, आणि एक गोष्ट लक्षात आली : जंगलात फारसं कुणाचं काही चुकत नाही, तिथे सांभाळून घेणारी माणसं असतात. घोळ होतो तो घरी बसून बुकिंग करताना. विमानाचं तिकीट स्वस्त दिसलं म्हणून आधी काढलं, लॉज फोटो पाहून ठरवलं, आणि गोरिला पाहायचं सरकारी परमिट शेवटी शोधलं, की घोळ झालाच म्हणून समजा. क्रम उलटा करा.

१. आधी देश ठरवा

रवांडात परमिट १,५०० डॉलरला आहे, २०१७ पासून. युगांडात परदेशी पर्यटकाला ८०० डॉलर पडतात. माणशी जवळपास सत्तर हजार रुपये, आणि तेही फक्त एका तासाच्या भेटीचे. प्रवास, राहणं, जेवण वेगळं. दर अधूनमधून बदलतात, तेव्हा बुक करायच्या दिवशी पुन्हा बघा.

मग रवांडात इतके पैसे देऊन लोक का जातात? राजधानी किगालीत उतरून अडीच-तीन तासांत चांगल्या रस्त्याने उद्यानाच्या दाराशी पोचता येतं म्हणून. युगांडात एंटेबे विमानतळाहून ब्विंडी म्हणजे आठ ते दहा तासांचा रस्ता. ज्यांच्याकडे दिवस कमी आणि पैसे जास्त त्यांनी रवांडा घ्यावा, बाकीच्यांनी युगांडा. माझं मत विचाराल तर युगांडाच. वाटेत विषुववृत्त लागतं, हातभर शिंगांच्या अंकोले गाईंचे कळप दिसतात, आणि सातशे डॉलर वाचतात, त्यात सफारीचे आणखी दोन दिवस बसतात.

तिसराही मार्ग आहे आणि तो पुष्कळांना सुचत नाही : किगालीत उतरायचं, रस्त्याने सीमा ओलांडायची आणि ब्विंडीच्या दक्षिण भागात जायचं. अंतर एंटेबेच्या जवळजवळ निम्म्यावर येतं, परमिट मात्र युगांडाच्या दराचं. यासाठी पूर्व आफ्रिकेचा एकत्रित पर्यटक व्हिसा सोयीचा पडतो. शंभर डॉलर, नव्वद दिवस, युगांडा-रवांडा-केनिया तिन्हीकडे चालतो. फक्त ज्या देशात आधी पाऊल ठेवणार, त्याच देशाकडून तो घ्यायचा.

२. परमिट : तारीख, विभाग, नाव

युगांडात परमिट देणारी एकच संस्था आहे, युगांडा वाइल्डलाइफ ऑथॉरिटी. तिथले लोक तिला यूडब्ल्यूए म्हणतात. एका गोरिला कुटुंबाकडे दिवसाला एकच गट जातो आणि त्यात जास्तीत जास्त आठ पर्यटक. ब्विंडीत माणसाला सरावलेली कुटुंबं वीसच्या आसपास आहेत. गुणाकार केलात की कळेल, दिवसाला जेमतेम दीडशे-पावणेदोनशे माणसांची सोय आहे आणि जग मोठं आहे.

जून ते ऑगस्ट आणि डिसेंबर ते फेब्रुवारी हे कोरडे महिने, म्हणजे गर्दीचे. त्यासाठी पाच-सहा महिने आधी हालचाल करा. मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर पावसाचे. तेव्हा परमिट लवकर मिळतं, लॉजही उतरलेल्या दरात असतात. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी पावसाची तयारी ठेवूनच जावं. तसं ते वर्षावनच आहे, कोरड्या महिन्यातही दुपारी सर येते.

बहुतेक परदेशी पर्यटक नोंदणीकृत टूर कंपनीमार्फत परमिट घेतात आणि ते सोपंही पडतं. पण पैसे भरल्यावर परमिटची प्रत मागा. तीन गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी तपासा : तारीख, विभाग, आणि पासपोर्टप्रमाणे नाव व क्रमांक. “परमिट आमच्याकडे आहे, तिथे गेल्यावर देऊ” असं सांगणाऱ्याला आगाऊ रक्कम देऊ नका. प्रत हातात आली की मगच विमानाचं तिकीट काढा.

वयाची अट पंधरा वर्षं पूर्ण, आणि ती खरोखर पाळतात. सकाळी पासपोर्ट पाहतात. “मुलगा चौदाचा आहे पण उंच दिसतो” हे तिथे चालत नाही. लहान मुलं बरोबर असतील तर आई एका दिवशी आणि वडील दुसऱ्या दिवशी अशी परमिटं घ्या.

३. विभाग कळल्याशिवाय लॉज घेऊ नका

हा मुद्दा नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात.

ब्विंडीचं उद्यान तीनशे वीस-तीस चौरस किलोमीटरचं आहे आणि त्याचे चार विभाग आहेत : उत्तरेला बुहोमा, पूर्वेला उंचावर रुहिजा, दक्षिणेला रुशागा आणि न्कुरिंगो. परमिट यापैकी एका विभागाचं असतं आणि सकाळी साडेसात-आठपर्यंत त्याच विभागाच्या कचेरीत हजर राहावं लागतं. नकाशावर बुहोमा आणि रुशागा यांच्यात बोटभर अंतर दिसतं. प्रत्यक्षात मध्ये जंगल आणि डोंगर आहेत, रस्ता वळसा घालून जातो आणि तीन-चार तास सहज खातो. आमच्या गटातल्या एका जोडप्याचं परमिट रुशागाचं होतं आणि त्यांच्या एजंटने लॉज घेतलं होतं बुहोमात. पहाटे तीनला निघून ती दोघं कशीबशी पोचली, नाश्ता न करता. परमिट बुडालं असतं तर पैसे परत मिळाले नसते.

विभागांचा स्वभाव थोडक्यात असा.

बुहोमा सर्वांत जुना. ब्विंडीत गोरिला पर्यटन सुरू झालं ते इथेच, १९९३ मध्ये, मुबारे कुटुंबापासून. हबिन्यांजा आणि रुशेगुरा ही कुटुंबंही इकडचीच. २००२ मध्ये रुशेगुरा हबिन्यांजातून फुटून निघालं. गाव मोठं आहे, लॉज सगळ्या दरांत मिळतात, उंची तुलनेने कमी. पहिल्यांदा जाणाऱ्याने आणि घरातल्या ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्याने हा विभाग मागावा.

रुशागात कुटुंबं सर्वांत जास्त, म्हणून परमिट मिळायची शक्यताही जास्त. किगालीहून येणाऱ्यांना सोयीचा. नशोंगी हे कुटुंब इथलं. २००९ मध्ये ते पर्यटकांसाठी खुलं झालं तेव्हा त्यात तिसाहून जास्त गोरिला होते, मग पुढच्याच वर्षी मिशाया नावाचा नर काही माद्या घेऊन वेगळा निघाला. कुटुंबांची अशी फाटाफूट चालूच असते, त्यामुळे जुन्या लेखांतले आकडे धरून बसू नका.

रुहिजा थंड आणि उंच. न्कुरिंगोतून विरुंगाचे ज्वालामुखी दिसतात, देखावा अप्रतिम, पण उतार गुडघ्याचा अंत पाहणारा. आधी खाली उतरायचं आणि दमल्यावर वर चढायचं. दम असेल तरच.

कोणतं कुटुंब पाहायचं हे आपण ठरवू शकत नाही, ते सकाळी रेंजर ठरवतात.

४. कागदपत्रं

- पासपोर्ट : प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने वैध, दोन कोरी पानं.
- युगांडाचा ई-व्हिसा : साधा पर्यटक व्हिसा पन्नास डॉलर. इंटरनेटवर शोधलं की सरकारी वाटणाऱ्या खासगी साइट्स आधी वर येतात आणि दुप्पट पैसे घेतात. युगांडाच्या स्थलांतर खात्याच्या अधिकृत साइटवरूनच अर्ज करा.
- पिवळ्या तापाच्या लसीचं प्रमाणपत्र.
- परमिटची छापील प्रत, परतीचं तिकीट, लॉजचं बुकिंग.
- प्रवासविमा. त्यात दुर्गम भागातून रुग्णाला हलवण्याचा खर्च धरलाय का ते वाचून घ्या.

पिवळ्या तापाबद्दल थोडं सविस्तर. ही लस युगांडात शिरायला लागते, आणि भारतात परत यायलाही लागते. युगांडाहून येणाऱ्याकडे वैध प्रमाणपत्र नसेल तर मुंबईच्या विमानतळावरून थेट विलगीकरणात ठेवू शकतात, सहा दिवसांपर्यंत. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र वैध धरतात, त्यामुळे शेवटच्या आठवड्यावर ठेवून चालत नाही. एकदा घेतली की जन्मभर पुरते. सरकारमान्य पिवळा ताप लसीकरण केंद्रावरच घ्यायची. गल्लीतल्या दवाखान्याचा कागद विमानतळावर चालत नाही. केंद्रांवर ठरावीक वारी आणि आगाऊ नोंदणी असते, तेव्हा तिकीट काढलं की त्याच आठवड्यात नंबर लावा. पिवळ्या पुस्तिकेवर नाव आणि पासपोर्ट क्रमांक बरोबर लिहिलाय ना, हे तिथेच उभं राहून पाहा. साठीच्या पुढच्यांनी, अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं.

मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच वेळी डॉक्टरांना विचारा. ब्विंडी उंचावर असल्याने तिथे डास कमी, पण एंटेबे आणि कंपाला सरोवराकाठी आहेत.

५. पोचायचं कसं

२०२३ च्या ऑक्टोबरात युगांडा एअरलाइन्सने मुंबई-एंटेबे थेट विमान सुरू केलं, साडेपाच-सहा तासांत नेतं. रोज नसतं, तेव्हा परमिटची तारीख आणि विमानाचे वार जुळवून पाहा. एरवी अदिस अबाबा, नैरोबी किंवा आखातातून जोडविमानं आहेत. युगांडाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे.

एंटेबेत उतरल्या दिवशीच ब्विंडीकडे निघू नका. एक रात्र तिथे काढा, सकाळी लवकर निघा, संध्याकाळी लॉजवर पोचा, आणि दुसऱ्या सकाळी ट्रेक. मध्ये एक दिवस मोकळा ठेवता आला तर उत्तम. विमान चुकलं, बॅग मागे राहिली, तर परमिटची तारीख काही पुढे सरकत नाही. ज्यांना रस्ता झेपत नाही त्यांच्यासाठी एंटेबेहून किहीही आणि किसोरोला छोटी विमानं आहेत. त्यात सामान पंधरा किलोच, आणि तेही मऊ बॅगेत.

रस्त्यात जेवणाचं काय, हा आपल्या लोकांचा पहिला प्रश्न. शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. उकडून कुस्करलेल्या हिरव्या केळ्यांचं मटोके, शेंगदाण्याची आमटीसारखी रस्सेदार भाजी, घेवडा, आणि चक्क चपाती. हो, तिथेही चपातीच म्हणतात. रस्त्याकडेला तव्यावर अंड्याचं ऑम्लेट चपातीत गुंडाळून देतात, त्याचं नाव रोलेक्स. अंडं नको असेल तर नुसती चपाती आणि केळी मागा. लॉजला मात्र शाकाहारी असल्याचं आगाऊ कळवा, आणि ट्रेकच्या आदल्या रात्री डब्याबद्दल पुन्हा आठवण करा, नाहीतर डब्यात उकडलेलं अंडं आणि कोंबडीचं सँडविच निघतं.

६. पैसे

डॉलरच्या नोटा नव्या न्या. २०१३ च्या आधीच्या मालिकेतल्या, फाटक्या किंवा शिक्के मारलेल्या नोटा बँकही घेत नाही. शंभर-पन्नासच्या नोटांना चांगला भाव मिळतो, पाच-दहाच्या नोटांना कमी. म्हणून बदलायला मोठ्या आणि टिपेसाठी छोट्या अशा दोन्ही ठेवा. एका डॉलरला साडेतीन हजारांहून जास्त शिलिंग मिळतात, त्यामुळे खिशात नोटांचं पुडकं होतं आणि हिशेबाला सुरुवातीला डोकं चालत नाही. एटीएम कबाले किंवा किसोरोसारख्या गावांत गाठून घ्या, जंगलाकाठी भरवसा नाही. मोबाइलला एअरटेलचं सिम विमानतळावरच मिळतं, पासपोर्ट दाखवावा लागतो.

७. पिशवीत काय हवं

पावसाळ्यात सह्याद्रीत भटकणाऱ्यांना निम्मं सामान घरातच सापडेल. मोठा फरक एवढाच की इथे पायवाट नसते.

- घोट्याच्या वर येणारे, वापरून सैल झालेले, पकड असलेले बूट. नवेकोरे बूट नेऊ नका.
- लांब पँट, लांब बाह्यांचा जाडसर शर्ट आणि जाड, उंच मोजे. पँटचे पाय मोज्यांत खोचायचे. फिरते लष्करी मुंगळे पँटच्या आतून वर चढतात आणि सगळे मिळून एकदम चावतात.
- बागकामाचे हातमोजे. हे हास्यास्पद वाटतात, पण घसरताना हात आधाराला जे पकडतो ते बहुतेक वेळा खाजकुयलीसारखं चावरं झुडूप असतं.
- गेटर्स (बुटाच्या तोंडावरून पोटरीवर चढवायची कापडी आवरणं), पावसाळी जाकीट, कॅमेऱ्यासाठी कोरडी पिशवी.
- दोन लिटर पाणी, डबा, मूठभर चिक्की.
- मास्क. दोन ठेवा, एक घामाने भिजतो.
- तीन चौकोनी पिनांचा ब्रिटिश धाटणीचा ॲडाप्टर.

रंग मातकट, हिरवा, करडा घ्या. रवांडातून जाणार असाल तर प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगा घरीच काढून ठेवा, तिथे २००८ पासून बंदी आहे आणि सीमेवर बॅग उघडतात.

कॅमेऱ्याचं एवढंच : काळा प्राणी, काळोखी झाडी. फ्लॅश बंद, फोकससाठी लागणारा लाल दिवाही बंद. फार लांब लेन्स नको. ७०-२०० पुरते, आणि जवळ आलाच तर मोबाइल बरा पडतो. एक्स्पोजर थोडं खाली ओढा, नाहीतर काळ्या केसांची राखाडी होते.

८. ट्रेकची सकाळ

सात-साडेसातला विभागाच्या कचेरीत. नाव, पासपोर्ट, तब्येतीची चौकशी. सर्दी, खोकला, ताप, जुलाब असेल तर इथेच सांगा. लपवून पुढे गेलात आणि रेंजरच्या लक्षात आलं तर ते परत पाठवतात. गोरिलाचं शरीर आपल्या इतकं जवळचं आहे की आपली साधी सर्दी त्यांच्यात न्यूमोनिया होऊन बसते. १९९६ मध्ये ब्विंडीच्या गोरिलांना खरूज झाली, एक पिल्लू दगावलं. आजूबाजूच्या वस्तीतल्या कपड्यांतून ती गेली असावी असा निष्कर्ष निघाला. त्या वेळी उपचार करणाऱ्या पशुवैद्य ग्लॅडिस कलेमा-झिकुसोका यांनी पुढे, २००३ मध्ये, गावकऱ्यांचं आणि गोरिलांचं आरोग्य एकत्र सांभाळणारी संस्था काढली. मास्क आणि दहा मीटरचं अंतर हे त्याच काळजीतून आलंय, रेंजरचा तोरा म्हणून नाही.

मग माहिती देतात आणि आठ-आठचे गट पाडतात. चालायची ताकद कमी असेल तर गट पडण्याआधी स्पष्ट सांगा. “जमेल तसं जाऊ” असं पुटपुटण्यात भिडस्तपणा दाखवू नका. रेंजर मग जवळ असण्याची शक्यता असलेल्या कुटुंबाच्या गटात घालतात. हमी अर्थात नसते, गोरिला रात्रीत पलीकडच्या दरीत गेलेले असू शकतात.

इथेच पोर्टर घ्या. पंधरा-वीस डॉलर देऊन कुणी बॅग उचलायला माणूस घ्यायचा हे आपल्या मध्यमवर्गीय मनाला खटकतं, “माझी बॅग मी नेतो की” असं तोंडातून निघतं. घ्याच. बॅग हे निमित्त आहे. खऱ्या उपयोगाचा असतो त्याचा हात. चढावर पुढून ओढतो, उतारावर खाली उभा राहून पाय टेकवायला बूट देतो. आसपासच्या गावांतले तरुण मुलं-मुली पाळीपाळीने हे काम करतात, आणि जंगल टिकण्यात घरी येणाऱ्या या पैशाचा वाटा मोठा आहे. प्रत्येक परमिटमागे दहा डॉलरही भोवतालच्या गावांना जातात.

अगदीच चालता येत नसेल, तर ‘हेलिकॉप्टर’ आहे. म्हणजे खुर्चीवजा डोली, पाळीपाळीने खांदा देणारे आठ-दहा जण. काहीशे डॉलर लागतात आणि आदल्या दिवशी सांगितलेलं बरं. सत्तरी ओलांडलेल्या एक बाई अशा डोलीतून राणीसारख्या जाताना मी पाहिल्यात.

९. जंगलात

आपण निघायच्या आधीच ट्रॅकर पुढे गेलेले असतात. गोरिला रोज संध्याकाळी नवं घरटं करतात, झाडपाला वाकवून. ट्रॅकर काल दुपारी त्यांना जिथे सोडलं तिथून सुरुवात करतात, रात्रीची घरटी शोधतात आणि तिथून मोडलेल्या देठांचा, लिदीचा माग काढतात. वॉकी-टॉकीवरून आपल्या गाइडला दिशा कळते. पाऊण तासात भेटतील किंवा पाच तास लागतील. दुपारच्या कुठल्याही गोष्टीचं बुकिंग करू नका.

बरोबर बंदूकधारी असतात. ते रानहत्ती आणि इतर प्राण्यांसाठी. गरज पडली तर हवेत बार काढतात. चालताना गाइडच्या मागे एका रांगेत. पाय जमिनीवर आहे असं वाटतं आणि तो असतो वेलींच्या जाळीवर. पाऊल गुडघ्यापर्यंत आत जातं, मग हसू येतं. वाटेत शौचाला जावंच लागलं तर रेंजर कोयत्याने खड्डा खणून देतात, फूटभर खोल, आणि नीट बुजवायचा.

गोरिला जवळ आले की थांबवतात. काठ्या, बॅगा, खाणं-पिणं पोर्टरकडे. मास्क चढवायचा. कॅमेरा आणि आपण, एवढंच पुढे जायचं.

१०. तो एक तास

पहिल्यांदा बहुधा दिसत नाहीत, ऐकू येतात. देठ मोडल्याचा कडकड आवाज आणि चघळणं. मग ट्रॅकर घशातून एक खाकरल्यासारखा लांब हुंकार काढतो, “आम्ही आहोत, काही नाही” अशा अर्थाचा, आणि झाडीतून तसाच हुंकार परत येतो. हा संवाद रेंजरांना शिकून घ्यावा लागतो. नवं कुटुंब सरावायचं म्हणजे दोन-तीन वर्षं तेच ते रेंजर रोज त्याच्यामागे जाणार. आधी गोरिला पळतात, मग अंगावर धावून येतात, आणि मग एके दिवशी दुर्लक्ष करायला लागतात. दुर्लक्ष म्हणजेच काम झालं. माणसाळवणं नव्हे. पाळीव समजून पुढे जाल तर फसाल.

आमच्यासमोरचा नर, बारा-तेरा वर्षांनंतर येते तशी पाठ रुपेरी झालेला, चिखलात मांडी ठोकून बसला होता. एका हाताने दांडा धरायचा, दातांत बाजूने घालून साल सोलून काढायची, आतला पांढरा गाभा खायचा, साल टाकायची. नखं माणसासारखी, काळी, तुटलेली. नाकावरच्या सुरकुत्या प्रत्येकाच्या वेगळ्या. त्यावरून रेंजर एकेकाला नावाने ओळखतात. सगळा वेळ त्याने आमच्याकडे दोनदाच पाहिलं असेल.

नियम : दहा मीटर अंतर ठेवायचं. ते स्वतः जवळ आले तर मागे सरकायचं, आणि सरकायला जागा नसेल तर शांत उभं राहायचं. पिल्लं कुतूहलाने येतात, बूट ओढतात. हात लावायचा नाही, कितीही वाटलं तरी. नर अंगावर धावून आला तर पळायचं नाही. खाली बसायचं, नजर जमिनीकडे, गाइडच्या मागे. जवळजवळ नेहमी तो शेवटच्या क्षणी थांबतो. बोटाने दाखवू नका, जोरात बोलू नका, शिंक आली तर तोंड फिरवून कोपरात.

पहिली वीस मिनिटं फोटो काढा आणि मग कॅमेरा खाली ठेवा, हा माझा आग्रह. सगळे जण पडद्यातून बघत बसतात आणि तास संपतो. घड्याळ गाइडकडे असतं, साठ मिनिटं झाली की निघायचं; त्यावर घासाघीस करणारा पर्यटक पाहून बाकीच्यांना लाज वाटते.

सरावलेपणाची दुसरी बाजूही आहे. जो गोरिला माणूस पाहून पळत नाही, तो शिकाऱ्याला पाहूनही पळत नाही. न्कुरिंगो कुटुंबाचा प्रमुख नर रफिकी २०२० च्या जूनमध्ये असाच मारला गेला. कोविडमुळे पर्यटन बंद होतं, लहान प्राण्यांच्या शिकारीला आत शिरलेल्या माणसाच्या भाल्याने. त्या माणसाला अकरा वर्षांची शिक्षा झाली. म्हणून ८०० डॉलर महाग वाटतात तेव्हा हेही लक्षात घ्या की रोज त्या कुटुंबामागे जाणाऱ्या ट्रॅकरचा पगार त्यातूनच निघतो.

एक तास कमी वाटेल अशांसाठी रुशागात आणखी एक प्रकार आहे. अजून पुरतं न सरावलेलं कुटुंब, चार पर्यटक, चार तास, १,८०० डॉलर. पहाटेपासून संशोधक आणि ट्रॅकरबरोबर माग काढायला जायचं. कस लागतो. ते कुटुंब अजून बुजरं असतं, झाडीत पळतं, पाठलाग करावा लागतो. पहिल्या खेपेला साधं परमिटच घ्या असं मी म्हणेन.

११. परतल्यावर

कचेरीत प्रमाणपत्र देतात, तिथेच टिपा द्यायच्या. पोर्टरला ठरल्याप्रमाणे, गाइड आणि ट्रॅकरांना दहा-पंधरा डॉलर, प्रत्येकाच्या हातात वेगळे. एकत्र देऊन “वाटून घ्या” म्हणू नका, पुढे गेलेल्या ट्रॅकरपर्यंत ते पोचत नाहीत.

दुसऱ्या दिवशी लगेच एंटेबेचा दहा तासांचा प्रवास ठेवू नका, मांड्या धरतात. बुन्योनी सरोवर वाटेत आहे, तिथे एक रात्र पाण्याकाठी काढा. बुहोमात थांबलात तर बाट्वा लोकांबरोबर अर्धा दिवस जाता येतं. हे या जंगलाचे मूळ रहिवासी. १९९१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा त्यांना बाहेर काढलं, जमीन मिळाली नाही. काही कार्यक्रम नुसती नाचगाण्याची हौस भागवतात आणि पैसे मधले लोक नेतात. बुक करण्याआधी विचारा, चालवतं कोण आणि बाट्वांना किती जातात. सरळ उत्तर मिळालं तर जा.

मुंबईला उतरलात की पिवळी पुस्तिका चेक-इन बॅगेत नको, पासपोर्टबरोबर हातात हवी. इमिग्रेशनच्या आधीच आरोग्य खात्याच्या टेबलावर मागतात. बूटही घरी नेण्याआधी लॉजवर चांगले घासून धुऊन घ्या. एंटेबेला जायच्या वाटेवर दुसरं एखादं जंगल करणार असाल तर आधीच.